आडवा धागा

"म्याडम, पिशवी काचंतनं दिसतीया. हात लावंल एवढ्यावर हाय. पर दार न्हाई उघडत!"

सिस्टर यमगर ओरडत नव्हत्या. वीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई सहसा ओरडत नाही. पण त्यांच्या आवाजामागे कुणीतरी धावत होतं, कसलासा ट्रे आदळला होता, आणि साताऱ्यातल्या आपल्या खुर्चीत बसून केतकी बर्गे ते सगळं ऐकत होती. समोरच्या पडद्यावर डोंगरापलीकडच्या त्या छोट्या रुग्णालयाचं रक्तकपाट हिरवंगार दिसत होतं. वीज आहे, तापमान चार अंश, पिशवी सोडण्याचा हुकूम पोचलेला. दार मात्र बंद.

"सिस्टर, दोन मिनिटं धरा."

"दोन म्हंता म्हंता धा झाली की! बाई पांढरी पडली हितं."

अकराव्या मिनिटाला कुलूप आपणहून उघडलं. कुणी काही केलं नव्हतं. तासाभराने सिस्टरांचा पुन्हा फोन आला, बाई वाचली, बाळही बरं आहे. मग त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "पुढच्या येळंला काय करायचं, तेवढं सांगा."

या महिन्यातली ही तिसरी वेळ होती. कृष्णाकाठ रक्तसंघाची सहा तालुक्यांत मिळून एकशे चाळीस रक्तकपाटं होती. रुग्णालयाने मागणी केली की क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाचं आणि पिशवीतलं रक्त जुळतं का ते, तपासून साताऱ्याहून हुकूम जायचा आणि त्या पिशवीच्या कप्प्याचं दार उघडायचं. रक्त चोरीला जाऊ नये म्हणून हातानं उघडायची किल्ली कपाटांना ठेवलेलीच नव्हती. सगळा भरवसा प्रोग्रॅमवर, आणि तो प्रोग्रॅम नीट ठेवणं ही केतकीची नोकरी.

तिनं सहा महिन्यांच्या नोंदी काढल्या. बहुतेक कपाटं हुकूम मिळाल्यावर सात सेकंदांत उघडत होती. तेवीस कपाटं मात्र दर वेळी अकरा मिनिटं घेत होती, एक सेकंद कमी नाही की जास्त नाही. रोजच्या कामात सिस्टर लोकांना ते जाणवलं नसणार. पिशवी सांगायची, तोवर दुसरं काम उरकायचं. जिवावर बेतलं की मगच घड्याळाकडे लक्ष जातं.

ती तेवीसही कपाटं कोयनेच्या खोऱ्यातली होती, आणि त्यांचा प्रोग्रॅम एकाच माणसानं लिहिलेला होता. निनाद टोणपे.

केतकीच्या मनात पाल चुकचुकली. खरं सांगायचं तर ती पाल तिथे चौदा वर्षं मुक्कामालाच होती.

निनाद तिच्या शेजारच्या टेबलावर बसे. कराडचा, तिच्याहून चार वर्षांनी लहान, तिला ताई म्हणणारा, दर श्रावणात सत्यनारायणाच्या प्रसादाचा डबा आठवणीनं आणणारा. दुपारचं जेवण दोघं एकत्र घेत. त्याच्या बायकोच्या हातचं माईनमुळ्याचं लोणचं केतकीच्या घरीही पोचलेलं होतं. एवढं असून ती त्याच्यावर पुरता विश्वास ठेवत नव्हती, आणि त्याला तसं कारण होतं.

चौदा वर्षांपूर्वी निनाद नवा होता. रक्तगट नोंदवायचा भाग त्यानं लिहिला होता. त्यात त्यानं ए, बी, एबी आणि ओ असे चार गट ठेवले आणि जे कशातच बसत नाही ते ओ मध्ये ढकललं. चार गट शिकून मोठा झालेला कुणीही तेच करील. पण आपल्याच मुलखात सापडलेला, मुंबईचं नाव लावणारा एक दुर्मीळ गट आहे. साध्या चाचणीत तो हुबेहूब ओ सारखा दिसतो. ओ गटाच्या रक्तात निदान एच नावाचा मूळ घटक तरी असतो, या लोकांच्या रक्तात तोही नसतो. त्यांना ओ गटाचं रक्त चढवलं तर शरीर त्यावर तुटून पडतं. अशा एका शिक्षकासाठी तातडी म्हणून क्रॉसमॅच न करताच ओ ची पिशवी निघाली होती. केतकीनं सहज म्हणून पोलादी कपाटातलं दात्यांचं जुनं कागदी रजिस्टर उघडलं, पूर्वी रक्तदान केलेल्या त्या शिक्षकाच्या नावापुढचा शेरा वाचला आणि पिशवी वाटेतून परत बोलावली.

निनाद त्या दिवशी जिन्यात बसून रडला होता. "जाऊ दे रे, झालं गेलं. विसरून जा," असं ती म्हणाली होती. तो विसरला की नाही कोण जाणे. ती विसरली नाही.

त्यानंतर तिनं एक नियम करून घेतला. संघात कुठलाही बदल दोन सह्यांशिवाय व्हायचा नाही, एक तिची आणि एक मूळ लिहिणाऱ्याची. हा झाला उघड नियम. दुसरा तिनं कुणाला सांगितला नाही. निनादच्या हातून काहीही निघालं, मग तो पिशवीचा हुकूम असो की प्रोग्रॅममधला बदल, की ती गुपचूप त्यावर 'थांबा' असा शेरा मारायची, उठून पोलादी कपाट उघडायची, रजिस्टर पाहायची, आणि ठीक असेल तर शेरा काढायची. कपाटाची किल्ली तिच्या पर्समध्ये असे. कधी तीन मिनिटं लागत, मध्येच चहा आला तर वीस. आपल्यावर अशी पाळत आहे हे निनादला कधी कळलं नाही, निदान केतकीला तसं वाटत होतं.

मग सहा महिन्यांपूर्वी संघात विणकर आला.

सव्वीस वर्षांत संघाचा प्रोग्रॅम चौदा लाख ओळींचा झाला होता. किती हात लागून गेले त्याला गणती नव्हती. 'कुणी काय केलं त्याची नोंद ठेवा' एवढी एक गोष्ट त्यात नऊशे ठिकाणी लिहिलेली होती, नऊशे जणांच्या तऱ्हेने. ती बदलायची तर नऊशे ठिकाणी हात घालायचा, आणि हटकून दोन राहून जायची. विणकर हे यंत्र असा गुंता सोडवायचं. दोन कामं करायचं. पहिलं फेररचना. स्वयंपाकघरातले डबे नीट लावावेत, पण चहा तोच मिळावा, तसं आतली मांडणी सुधारायची आणि बाहेरचं वागणं जराही बदलायचं नाही. दुसरं काम धाग्यांचं. प्रत्येक प्रोग्रॅमचं आपलं मूळ काम असतं, तो उभा धागा. नोंद ठेवणं, परवानगी पाहणं, तापमान तपासणं या गोष्टी मात्र सगळ्या कामांना आडव्या छेदून जातात. विणकर हे आडवे धागे मूळ मजकुरातून उपसून काढायचा, प्रत्येक धागा एकाच जागी एकदाच लिहायचा, आणि प्रोग्रॅम चालायच्या वेळी हव्या त्या नऊशे ठिकाणी आपणहून विणून टाकायचा.

हा विणकर याच्याही पुढे गेलेला होता. तो नुसता मजकूर वाचत नसे, माणसं काय करतात त्याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदीही वाचे. लोक हातानं पुन्हा पुन्हा एकच गोष्ट करताना दिसले की तो तिचाही धागा काढायचा.

"ताई, मला हे पटत नाही," निनाद तेव्हा बैठकीत सगळ्यांसमोर बोलला होता. "वाचायचं एक आणि चालणार दुसरंच. आपण मजकूर वाचला तरी मधे काय विणलंय ते दिसणार कसं?"

"नऊशे ठिकाणी ठिगळं लावत बसायचं का मग?" केतकीनं त्याला उडवून लावलं. चौदा लाखांच्या दोन लाख ओळी झाल्या. देखभालीचं काम निम्म्यावर आलं. केतकी खूश होती.

आणि आता हे तेवीस कपाटांचं प्रकरण.

तिनं कपाटांचा मजकूर तीनदा वाचला. हुकूम घे, सही तपास, दार उघड. थांबायचं नाव नाही. धाग्यांची यादी चाळली, चारशे बारा धागे होते, नोंद, परवानगी, तापमान, पूर्वतपासणी, वीजबचत. सगळी नावं सालस. म्हणजे यंत्राच्या दोषाचा प्रश्न नव्हता. कुणीतरी मुद्दाम काहीतरी दडवलं होतं, आणि तेही नेमकं स्वतःच्या मजकुरात, जिथली प्रत्येक वाट त्याला ठाऊक होती. विणकर नकोच म्हणणाऱ्याला तो फसलेला दाखवायचा असेल तर याहून सोपा मार्ग कुठला?

ती निनादवर नजर ठेवू लागली, आणि नजर ठेवली की दिसतंच. त्याच्याकडे एक निळी वही होती. ती जवळ गेली की तो वही मिटायचा. दिवसातून चार-पाचदा फोन घेऊन जिन्यात जायचा आणि हळू आवाजात बोलायचा. एकदा ती पाणी प्यायच्या निमित्ताने मागे गेली, तर कानावर आलं, "नाही, ऑफिसात कुणाला सांगू नका. आपल्या आपल्यात ठेवा."

त्या दुपारी त्यानं लोणच्याची बरणी पुढे केली तेव्हा ती म्हणाली, "नको, पोट बरं नाही."

"ताई, चार दिवस झाले तुमचं पोट बरं नाही. दाखवून तरी या."

त्याच्या आवाजातली काळजी खरी वाटत होती, आणि म्हणूनच तिला त्याचा जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी ती संघाचे संचालक डॉ. मुजावर यांच्याकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले.

"बर्गेबाई, तुम्ही निनादबद्दल बोलताय. घरच्यासारखा आहे तो तुम्हाला."

"म्हणूनच मी एवढे दिवस गप्प बसले, सर. चौथ्या वेळी बाई मेल्यावर बोलायचं का?"

"पुरावा?"

"दुपारपर्यंत देते."

"चारपर्यंत लेखी द्या. खरं निघालं तर आजच त्याला कामावरून थांबवतो आणि पोलिसांना कळवतो. पण बाई, खातरजमा करून द्या. माणूस आयुष्यातून उठेल."

जागेवर येऊन तिनं अहवाल लिहायला घेतला. तेवीस कपाटं, एकच लेखक, विणकराला विरोध, वही, जिन्यातले फोन. लिहिताना सगळं इतकं चपखल बसत होतं की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. राहिला होता फक्त पुरावा. मजकूर आणि धागे वेगवेगळे वाचून तो मिळणार नव्हता. प्रत्यक्षात जे चालतं ते सलग विणलेलं कापडच बघायला हवं होतं. विणकर ते दाखवू शकत असे, पण कुणी कधी मागितलं नव्हतं, कारण दोन लाख ओळींचं विणल्यावर चाळीस लाखांचं होई आणि ते वाचणार कोण? तिनं एकाच दाराचं मागितलं. सिस्टर यमगरांच्या कपाटाचं.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी ते पडद्यावर आलं. हुकूम घे. सही तपास. आणि मग, मूळ मजकुरात नसलेली चार ओळींची रांग. थांबव. अकरा मिनिटं वाट बघ. 'तपासले' अशी खूण कर. सोड.

"सापडलास," ती पुटपुटली, आणि धाग्याचं मूळ उघडलं.

धागा: पूर्वतपासणी. कुठे लागू: टोणपे यांनी दिलेल्या प्रत्येक हुकमावर व टोणपे यांनी लिहिलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमवर. कशावरून काढला: मानवी वर्तन, दोन हजार तीनशे सोळा वेळा आढळले. कुणाचे वर्तन: बर्गे केतकी. मंजुरी: बर्गे केतकी.

तिनं ते पुन्हा वाचलं. मग मंजुरीची तारीख पाहिली आणि तिला तो दिवस आठवला. विणकरानं चारशे बारा धाग्यांची यादी पुढे ठेवली होती. तिला भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं. पहिले तीस वाचून तिनं 'सर्व मंजूर'वर बोट ठेवलं होतं; विणकर वागणं बदलत नाही, म्हणून त्याच्या धाग्यांना दुसरी सही लागत नसे.

विणकरानं नवं काही केलंच नव्हतं. बाहेरचं वागणं बदलायचं नाही हा त्याचा धर्म, आणि चौदा वर्षं संघ निनादशी जसा वागत होता तसाच त्यानं ठेवला होता. हुकूम अडवायची आणि प्रोग्रॅम अडवायची दोन्ही कामं एकाच तऱ्हेची म्हणून एकत्र केली होती. फक्त पोलादी कपाटातलं कागदी रजिस्टर त्याला दिसत नव्हतं. सरासरीनं निघालेल्या त्या अकरा मिनिटांत ही बाई काय पाहते हे त्याला कळायला मार्ग नव्हता. म्हणून त्यानं अडवणं तेवढं उचललं आणि तपासणं राहून गेलं. पडद्यावर 'तपासले' ही खूण येऊ लागल्यावर केतकीला वाटलं होतं, नव्या यंत्रानं सगळ्यांचीच तपासणी सुरू केली, बरं झालं. तिनं कपाट उघडणंही सोडून दिलं होतं. किल्ली अजून पर्समध्ये होती.

फोन वाजला.

"म्याडम, आज पुन्यांदा," सिस्टर यमगर म्हणाल्या. "धाकली पोर हाय, एकोणीस वर्साची. रगात थांबंना. दार बंद हाय. आत्ताच हुकूम आला."

केतकीनं घड्याळ पाहिलं. धागा काढून टाकायला तिला एक क्षण पुरला असता. पण बदलाला दोन सह्या लागत, तो तिचाच नियम, आणि दुसरी सही मूळ लिहिणाऱ्याची. निनाद दोन हातांच्या अंतरावर बसला होता. त्याला बोलवायचं म्हणजे पडद्यावर काय लिहिलंय ते दाखवायचं. पडद्याच्या एका कोपऱ्यात त्याच्याविरुद्धचा अर्धा अहवालही उघडाच होता.

अहवाल मिटावा असं तिला क्षणभर वाटलं. मिटायलाही वेळ गेला असता.

"निनाद! इकडे ये. लवकर."

तो आला. वाकून वाचू लागला. धाग्यावरून त्याची नजर कोपऱ्यातल्या अहवालावर गेली, तिथे थोडी रेंगाळली, पुन्हा धाग्यावर आली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. केतकी काहीतरी बोलायला गेली, पण त्यानं हातानंच थांबवलं आणि अंगठा सहीच्या काचेवर ठेवला.

"तुमची करा, ताई."

तिनं केली. चौथ्या मिनिटाला फोनमधून कुलूप उघडल्याचा आवाज आला आणि सिस्टर यमगर "आली, आली पिशवी," म्हणत फोन तसाच टाकून गेल्या. दोघं तो उघडा फोन ऐकत उभे राहिले. बऱ्याच वेळानं कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं.

मग निनादनं आपल्या टेबलावरची निळी वही आणून तिच्यापुढे ठेवली. त्यात तेवीस कपाटांची नावं होती, तारखा होत्या, उशीर होता, आणि पुढे प्रत्येक सिस्टरचा फोन नंबर.

"दोन महिन्यांपूर्वी लक्षात आलं. माझ्याच कपाटांत होतंय म्हटल्यावर वाटलं, माझीच चूक. पुन्हा." तो खाली बघत होता. "सापडेना. म्हणून मग सिस्टरांना सांगत होतो, बाळंतपण अवघड दिसलं की आधीच मागणी टाकून ठेवा. सिस्टर यमगर तेवढ्या नव्या बदलून आल्यात, त्यांना सांगायचं राहिलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला?" त्यानं मान वर केली. "ताई, माझ्याकडून एकदा चूक झाली तर तुम्ही चौदा वर्षं... मला वाटलं होतं तुम्ही विसरलात. तुम्हीच म्हणाला होता, विसरून जा."

केतकीला रडू आलं. लाज वाटली, आणि ती लाज लपवायला जागा नव्हती. तिनं अहवाल पुसून टाकला आणि पावणेचार वाजता दुसरा लिहिला. त्यात तेवीस कपाटं तीच होती, नाव स्वतःचं होतं.

डॉ. मुजावरांनी तिला नोकरीवरून काढलं नाही. मंजुरीचा अधिकार वर्षभर गोठवावा असं त्यांच्या मनात होतं, पण निनाद म्हणाला, नको, त्यांच्याइतकं बारीक कुणी वाचत नाही. हे तो सरळ म्हणाला की टोमणा मारला, ते केतकीला ठरवता आलं नाही. सरांनी एक नियम मात्र घातला. माणसाच्या नावावर लागू होणारा धागा विणकरानं यादीत मिसळायचा नाही. तो लाल चौकटीत एकटा यायला हवा, आणि वाचून मगच हो की नाही म्हणायचं.

दुपारचं जेवण निनाद आता खालच्या कॅन्टीनमध्ये घेऊ लागला. बोलणं कामापुरतं उरलं. श्रावण आला आणि गेला, प्रसादाचा डबा आला नाही. पोलादी कपाटाची किल्ली केतकीनं दोघांच्या टेबलांमधल्या खिळ्याला टांगून ठेवली होती, ती तिथेच राहिली.

भाद्रपदातल्या एका सकाळी विणकराची आठवड्याची यादी आली. केतकी एकेक ओळ वाचत होती. नववी ओळ लाल चौकटीत होती.

बर्गे यांनी केलेला बदल लागू होण्यापूर्वी: उघडणे, संपूर्ण वाचणे. कशावरून: मानवी वर्तन, एकोणीस वेळा आढळले. कुणाचे वर्तन: टोणपे निनाद. धागा करावा?

तिनं मान वळवली. निनाद त्याच्या पडद्याकडे बघत होता, पाठ ताठ करून. ही यादी आज येणार हे त्यालाही ठाऊक असणारच. तिला राग आला नाही. छातीत काहीतरी दुखलं, आणि हे दुखणं चौदा वर्षं कुणाच्या वाट्याचं होतं ते तिला आता पुरतं कळलं.

'नाकारा'वर तिनं बोट ठेवलं. मग म्हणाली, "निनाद, परवानगीच्या धाग्यात मी एक बदल केलाय. तुझी खुर्ची घेऊन ये आणि माझ्यासमोर बसून वाच. रजिस्टरही काढ."

तो आपल्या पडद्यावरून वळला. मग उठला, खिळ्यावरची किल्ली घेतली, पोलादी कपाट उघडून रजिस्टर काढलं आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागला. त्याला घाई नव्हती. चहा आला, निवला. केतकी हात मांडीवर ठेवून बसून राहिली. एवढा वेळ कशाला लागतो, असं तिच्या ओठांवर आलं आणि तिनं ते गिळलं.

"झालं?" शेवटी तिनं विचारलं.

"नाही अजून," निनाद म्हणाला. "थांबा."

ती थांबली.